यीस्टच्या मायलेकींची वाटणी



मागे वार्षिक सभेच्या दिवशी काही मंडळी आसवनी पाहायला गेली होती. टाकीत मळी उकळल्यागत फसफसत होती आणि वास तर नाकात बसणारा. एका वडीलधाऱ्या सभासदांनी तिथल्या केमिस्टला विचारलं, "हे यीस्ट यीस्ट म्हणता, ते नेमकं काय आहे? औषध आहे का जित्राब?" केमिस्ट म्हणाले, "जित्राबच म्हणा. बुरशीच्या कुळातलं, पण एकाच पेशीचं." त्यावर दुसरा प्रश्न आला, "मग सकाळी पसाभर टाकलेलं संध्याकाळी टाकीभर होतं कसं?"

प्रश्न मोठा नामी आहे. एकाचे दोन, दोनाचे चार होतात, हे उत्तर सोपं. पण प्रत्येक वेळी दोघांच्या वाट्याला सगळं सारखंच कसं येतं? आपल्याकडे दोन भावांची वाटणी करायची तर तलाठी, मोजणीदार, चार पंच आणि कधी कधी कोर्टसुद्धा लागतं. यीस्टची पेशी ही वाटणी दर दीड तासाला करते आणि ती सहसा चुकत नाही. ही वाटणी चोख ठेवणारी जनुकं शास्त्रज्ञांनी कशी शोधली, आणि आपण बेणं ज्या औषधाच्या पाण्यात बुडवतो त्याच्या सख्ख्या भावाचा त्यात काय वाटा होता, ते प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

यीस्टची पेशी म्हणजे मिलिमीटरचा सुमारे दोनशेवा भाग. एक ग्रॅम दाबलेल्या यीस्टमध्ये अशा सुमारे १,००० कोटी पेशी मावतात. उसाच्या कांडीवर डोळा फुगावा तसा या पेशीच्या अंगावर एक फुगवटा येतो. तो वाढतो आणि शेवटी सुटून वेगळा होतो. जुनी ती आई, सुटलेली ती लेक.

पेशीच्या पोटात केंद्रक असतं आणि केंद्रकात गुणसूत्रं. यीस्टच्या एका संचात ती १६ असतात. त्यांना सोळा दप्तरं समजा. या दप्तरांत मिळून सुमारे ६,००० नोंदी आहेत. एकेक नोंद म्हणजे एकेक जनुक. अमुक प्रथिन कसं करायचं, याचा लेखी हुकूम. सोळाही दप्तरांतली अक्षरं, म्हणजे जवळजवळ १ कोटी २० लाख, १९९६ साली वाचून पुरी झाली. केंद्रक असलेल्या सजीवांत असा मान मिळालेला पहिला जीव हे यीस्टच होय.

लेक सुटण्याआधी प्रत्येक दप्तराची नक्कल होते. अस्सल आणि नक्कल प्रथिनांच्या कड्यांनी एकत्र बांधलेली राहतात. मग पेशीच्या दोन टोकांकडून बारीक दोर येतात. त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात आणि त्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या असतात. प्रत्येक गुणसूत्राला एक गाठ असते, तिच्यावर दोर अडकतो. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे लुईस क्लार्क आणि जॉन कार्बन यांनी ही गाठ १९८० साली वेगळी करून दाखवली. यीस्टमधली ही गाठ अवघी सव्वाशे अक्षरांच्या आसपास भरते, आणि तिच्यावर एकच नलिका बसते. माणसाच्या पेशीत एका गाठीला कितीतरी नलिका असतात, एक निसटली तरी बाकीच्या धरून ठेवतात. यीस्टला तशी सवड नाही. एक दोर चुकला की एक दप्तर गेलं.

अस्सलाला एका टोकाचा दोर आणि नकलेला दुसऱ्या टोकाचा, असं सोळाही जोड्यांचं बसलं की कडी तुटतात आणि दोन्ही संच दोन बाजूंना ओढले जातात. एक आईकडे, एक लेकीकडे. दोन्ही दोर एकाच टोकाचे बसले तर एकीला १७ आणि दुसरीला १५. एकेरी संचाच्या पेशीत एक दप्तर गहाळ झालं की ती पेशी मरतेच, कारण प्रत्येक दप्तरात जगण्याला लागणारी काही ना काही नोंद असतेच.

आता ही व्यवस्था कोणत्या जनुकांच्या हुकुमानं चालते ते कसं कळणार? यंत्र कसं चालतं ते कळायचं तर त्याचा एकेक भाग बिघडवून पाहावा लागतो. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे लीलँड हार्टवेल यांनी हाच मार्ग धरला. पण विभागणीचं जनुक बिघडलं तर पेशी वाढणारच नाही. मग वाढत नसलेली पेशी वाढवून अभ्यासायची कशी? त्यांनी २३ अंश तपमानाला नीट चालणाऱ्या आणि ३६ अंशाला अडणाऱ्या बिघाडाच्या पेशी शोधल्या. थंडाव्यात वाढवायच्या, मग ऊब द्यायची आणि कुठं अडतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. आईच्या अंगावरचा डोळा किती फुगलाय यावरूनच कळे की काम कोणत्या टप्प्याला थांबलं. १९७३ पर्यंत त्यांनी अशी ३२ जनुकं ओळखली. त्यांना २००१ चं नोबेल पारितोषिक मिळालं ते या कामाबद्दल. त्यात ब्रिटनचे पॉल नर्स आणि टिम हंट हेही भागीदार होते.

यानंतरची युक्ती मला सगळ्यांत आवडते, कारण तिला ताटलीभर यीस्ट आणि उघडे डोळे पुरतात. यीस्टचं एक जनुक बिघडलं की पेशीत तांबडा रंग साठतो आणि ताटलीतला तिचा ठिपका लाल दिसतो. फिलिप हीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बिघाडावरचा उतारा एका गुणसूत्रावर बसवला आणि १९८५ साली ही रीत प्रसिद्ध केली. दुहेरी संचाच्या पेशीत उताऱ्याच्या दोन प्रती असल्या की ठिपका पांढरा, एक असली की गुलाबी, एकही नसली की लाल. एक प्रत असलेल्या पेशीची पहिलीच वाटणी चुकली तर ठिपका निम्मा-निम्मा होतो, आणि गंमत अशी की रंगावरून चूकही कळते. अर्धा गुलाबी, अर्धा लाल दिसला तर एकीला तिची प्रत मिळाली आणि दुसरीची हरवली. अर्धा पांढरा, अर्धा लाल दिसला तर एकीनं दोन्ही प्रती नेल्या आणि दुसरी रिकाम्या हातानं गेली. हरवणं वेगळं आणि दुसऱ्यानं लाटणं वेगळं; वाटणीच्या भांडणात हाच तर निवाडा करायचा असतो!

निरोगी यीस्टमध्ये एखादं गुणसूत्र हरवण्याची चूक लाखभर विभागण्यांत एखादीच होते. आपल्या काट्यावर लाख गाड्यांमागे एकच नोंद चुकली तर आपण काटावाल्याचा सत्कार करू.

पुढे बाल्टिमोर येथे फॉरेस्ट स्पेन्सर आणि हीटर यांनी पेशीला एक जादा, बिनगरजेचा गुणसूत्राचा तुकडा दिला आणि त्याच्यावर तो उतारा ठेवला. तुकडा हरवला तरी पेशी मरत नाही, फक्त तिची संतती लाल होते. मग रसायनानं जनुकं बिघडवली आणि ताटल्या पाहत बसले. पांढऱ्या ठिपक्यात कलिंगडाच्या फोडीसारखी लाल फाक दिसली की समजावं, या पेशीच्या वाटणीत गळती आहे. १९९० साली त्यांनी अशा १३६ बिघाडांची नोंद दिली. यीस्टच्या झाडून सगळ्या जनुकांची अशी झडती पुढे झाली तेव्हा गुणसूत्रं सांभाळण्यात ज्यांचा हात आहे अशा जनुकांची यादी सातशेच्या घरात गेली. म्हणजे सहा हजारांतली नवव्या हिश्शाहून अधिक नोंद या ना त्या तऱ्हेनं वाटणी सांभाळण्याच्या कामाला जुंपलेली आहे.

पण या सगळ्यांत माझ्या मते मोलाची जनुकं दोर ओढणारी नव्हेत. थांबवणारी. ती कशी सापडली ते थोडं सविस्तर सांगतो.

१९८८ साली टेड वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी यीस्टवर क्ष-किरण सोडले. किरणांनी गुणसूत्रांना इजा होते. निरोगी पेशी विभागणी थांबवून आधी दुरुस्ती करते आणि मग पुढे जाते. राड-९ नावाचं जनुक बिघडलेली पेशी मात्र थांबत नाही. तशीच विभागत जाते आणि काही पिढ्यांत मरते. इथवर ठीक. पुढचा प्रयोग पाहा. तीच बिघडलेली पेशी त्यांनी सूक्ष्मनलिका मोडणारं औषध देऊन काही तास जबरदस्तीनं थांबवून ठेवली, तेव्हा तिनं दुरुस्ती नीट करून घेतली! म्हणजे दुरुस्तीचं सामान तिच्याकडे होतंच. नव्हता तो थांबण्याचा हुकूम.

हाच विचार दोरांच्या बाबतीत पुढे नेला तो १९९१ साली, एकाच वेळी दोन ठिकाणी. सॅन फ्रान्सिस्को येथे राँग ली व अँड्र्यू मरे आणि बाल्टिमोर येथे अँड्र्यू हॉइट व त्यांचे सहकारी. दोघांनीही यीस्टला बुरशीनाशकाचा बेताचा डोस दिला. बेनोमिल हे बेंझिमिडाझोल कुळातलं बुरशीनाशक सर्वांना परिचित आहे. ते पानावर वा पाण्यात पडलं की त्याचं कार्बेन्डॅझिम होतं. होय, तेच कार्बेन्डॅझिम, ज्याला आपल्याकडे बाविस्टिन या नावानं जो तो ओळखतो. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, टिपरी १० मिनिटं बुडवायची, हा हिशेब आपण वर्षानुवर्षे पत्रकांत वाचत आलो. हे औषध बुरशीच्या ट्युब्युलिनला चिकटतं आणि नलिका बनू देत नाही. दोरच नाहीत तर वाटणी नाही आणि वाटणी नाही तर बुरशीची वाढ नाही. काणी किंवा अननस रोगाची बुरशी टिपरीवर असली तर तिला असंच अडवलं जातं.

डोस बेताचा असला की दोर कमी पडतात, पण अजिबात नसतात असं नाही. निरोगी यीस्ट अशा वेळी घाई करत नाही. उशीर लागला तरी चालेल, पण सोळावा दोर बसेपर्यंत ती कडी तोडत नाही. म्हणून ती जगते. शास्त्रज्ञांनी शोधल्या त्या अशा पेशी, ज्या या डोसात वेळ न घेता पुढे जातात आणि मरतात. त्यातून सॅन फ्रान्सिस्कोला मॅड-१, २, ३ आणि बाल्टिमोरला बब-१, २, ३ अशी जनुकं हाती लागली. मॅडचा इंग्रजी अर्थ वेडा, पण इथे ते 'विभागणी थांबवता न येणे' या अर्थाच्या शब्दांचं आद्याक्षरी नाव आहे. नाव वेड्याचं, काम शहाण्याचं. पुढे असं दिसलं की बब-२ ची ड्यूटी जरा निराळी आहे. ओढलेला संच लेकीच्या मानेतून आत पोचला का, हे ते पाहतं. बाकीची जनुकं मात्र दोर बसला की नाही यावरच डोळा ठेवून असतात.

हा थांबा चालतो कसा? ज्या गाठीवर दोर बसलेला नाही तिथं मॅड आणि बब यांची प्रथिनं जमतात आणि तिथून 'अजून नाही, अजून नाही' असा निरोप पेशीभर जात राहतो. हा निरोप चालू असेतो कडी तोडणारी कात्री एका प्रथिनानं बांधलेली असते. शेवटचा दोर बसला की निरोप बंद होतो, ते बांधणारं प्रथिन नष्ट केलं जातं आणि कात्री सुटते. बांधून ठेवणारी कडी १९९७ साली व्हिएन्ना येथे किम नॅस्मिथ आणि अमेरिकेत डग्लस कोशलंड यांच्या गटांनी उजेडात आणली. ती कडी खरोखरच कापली जाते, हे नॅस्मिथ यांच्याच गटानं १९९९ साली दाखवलं. एकदा कापली की परत जोडणं नाही. म्हणून तर थांबण्याला एवढी किंमत.

पण दोर बसला म्हणजे बरोबर बसला, असं कशावरून? याचं उत्तर यीस्टमध्ये नव्हे, एका किड्यात आधी मिळालं. आपल्या शेतात हात जोडून बसतो तो खंडोबाचा किडा. त्याच्या वृषणातील पेशींत कधी कधी एक गुणसूत्र एकाच बाजूच्या दोराला लटकतं, त्याला दुसरीकडून ओढ नसते. अशी पेशी तासन्‌तास अडून राहते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ली आणि ब्रूस निकलस यांनी १९९५ साली काचेच्या अतिबारीक सुईनं ते गुणसूत्र हळूच दुसऱ्या बाजूला ओढून धरलं. दोर ताणला गेला आणि पेशी विभागायला लागली! बैलगाडीत ऊस भरल्यावर दोर आवळून हाताने ठोकून पाहतो तसंच हे. ढिला दोर खपत नाही. यीस्टमध्ये ढिला वा चुकीचा दोर सोडवून पुन्हा अडकवायला लावणारं जनुक म्हणजे इप्ल-१. ते १९९३ साली सापडलं होतं, पण त्याचं हे काम २००२ साली उघड झालं.

कुणी म्हणेल, यीस्टच्या या भानगडीशी माणसाला काय करायचंय? तर ही जनुकं माणसात जवळजवळ तशीच आहेत. बब-१ मधला बिघाड १९९८ साली मोठ्या आतड्याच्या काही कर्करोगांत सापडला. मॅड-३ चं माणसातलं भावंड बिघडलं तर बाळाच्या पेशी-पेशीत गुणसूत्रांची संख्या कमीजास्त होते, वाढ खुंटते आणि लहानपणीच कर्करोगाचा धोका असतो. हे २००४ साली कळलं. लाल फाकांच्या त्या ताटल्यांतून मिळालेल्या सीटीएफ-७ या जनुकाचं माणसातलं रूप बिघडलं की जन्मतः हातपाय आखूड असलेलं मूल जन्मतं. तो रोग डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होता, त्याचं जनुक २००५ साली सापडलं. उलट बाजूनं पाहिलं तर अंगणातल्या सदाफुलीपासून निघणारं व्हिन्क्रिस्टिन हे औषध कर्करोगाच्या पेशींचे हेच दोर मोडतं, आणि पेशी थांब्यावर अडकून पडते.

इथं बेण्याच्या टाकीकडे एकदा परत यायला हवं. कार्बेन्डॅझिम बुरशीच्या ट्युब्युलिनला जसं घट्ट चिकटतं तसं आपल्या ट्युब्युलिनला चिकटत नाही, हे खरं. पण अजिबात चिकटत नाही असं नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांत त्यानं नराच्या वृषणांना अपाय केल्याचं दिसलं आहे. बेनोमिलवर तर आपल्या देशात २०१८ च्या आदेशानं बंदीच आली. तेव्हा टिपरी बुडवताना उघड्या हातानं ढवळणं, लेकरांना टाकीजवळ बसवणं, उरलेलं पाणी ओढ्यात सोडणं, हे प्रकार बंद व्हावेत. आणखी एक. हे औषध एकाच ठिकाणी चिकटतं, त्यामुळे बुरशीच्या ट्युब्युलिनमधला १९८ व्या जागेचा एकच घटक बदलला तरी औषध निकामी होतं. असं कितीतरी पिकांवरच्या बुरशींत झालेलं आहे. दरसाल तेच औषध, तेही शिफारशीपेक्षा कमी मापात, हे बुरशीला शिकवणी लावण्यासारखं आहे. सध्या कोणतं औषध शिफारशीत आहे ते गट कार्यालयात विचारूनच आणावं.

आता उसाचं. वाटणी चुकली म्हणजे नुकसानच, असा समज होऊ नये म्हणून हे सांगतो. १९१२ साली सुरू झालेल्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात जाड, गोड उसाचा रानटी उसाशी संकर केला गेला, त्यातून को-२०५ निघाली. गोड उसाची गुणसूत्रं ८०, रानट्याची ६४. निम्मी-निम्मी आली असती तर ७२ व्हायला हवी होती. को-२०५ मध्ये आहेत ११२. आईनं निम्मी न देता आपली सगळीच्या सगळी ८० दिली आणि बापाकडून ३२ आली! बियाच्या वाटणीतल्या या वेडेपणानं ऊस गोडही राहिला आणि काटकही झाला. पुढे कांडीनं लागण करत गेलो की त्यात बियाची वाटणी येतच नाही, फक्त पेशीची साधी वाटणी. म्हणून को-८६०३२ चं बेणं इकडून तिकडे कुठंही लावा, वाण तोच राहतो.

यीस्टमध्येही तसंच. राँग ली यांनीच पुढे २०१० साली दाखवलं की गुणसूत्रं कमीजास्त झालेल्या पेशी एरवी रडतखडत वाढतात, पण विषारी वा अडचणीच्या परिस्थितीत त्यांतली एखादी निरोग्यांना मागे टाकते. टाकीतली परिस्थिती काही यीस्टच्या सुखाची नसतेच: अल्कोहोल, आम्ल, उष्णता. ब्राझीलमध्ये साखर कारखान्यांच्या आसवनींत तेच यीस्ट परत परत फिरवून हंगामभर वापरतात. तिथं असं दिसलं की विकत आणलेलं यीस्ट काही दिवसांत नाहीसं होतं आणि बाहेरून आलेलं रानटी यीस्ट टाकी बळकावतं. मग संशोधकांनी टाक्यांतलं यीस्ट काढून, विजेच्या साहाय्यानं त्याची गुणसूत्रं आकारानुसार पसरवून, त्या पट्ट्यांवरून कोण टिकलं आणि कोण गेलं याचा शोध घेतला. त्यातून टिकाऊ निघालेलं एक वाण पीई-२, ते पेद्रा नावाच्या कारखान्याच्या टाकीतलं. तिथल्या कितीतरी कारखान्यांनी पुढे तेच बेणं म्हणून वापरलं.